मुहूर्त टळलेलं वऱ्हाड

अहिल्यानगरहून बीडला एसटी तीन-साडेतीन तासांत नेऊन सोडते. रेल्वे सुरू झाली तेव्हा तिच्या वेळापत्रकात याच प्रवासाला साडेपाच तास दिले होते: अहिल्यानगर सकाळी 6.55, बीड दुपारी 12.30. दोन लहान मुलं बरोबर असलेला कुठलाही शहाणा माणूस यातून एसटी निवडेल. या हकिकतीतल्या पुणेकर कुटुंबानं रेल्वे निवडली, कारण निवडणारे आबा होते.

आबा म्हणजे मुलांच्या आईचे वडील, राहणार केज तालुका. लेक, जावई आणि नातवंडं दिवाळीला येणार म्हटल्यावर ते आदल्या दिवशीच एसटीनं नगरला येऊन एका नातेवाइकाकडे मुक्कामाला राहिले. नगरला त्यांचं काडीचंही काम नव्हतं. सकाळी उठून रेल्वेनं माघारी जायचं, हेच काम.

या हट्टाला इतिहास होता. नगर–बीड–परळी हा 261 किलोमीटरचा लोहमार्ग मंजूर झाला 1995 साली. मुलांची आई तेव्हा पहिलीत होती आणि "ही मॅट्रिक होईस्तोवर गाडी येती बघा" असं आबांनी पारावर सांगून ठेवलं होतं. ती मॅट्रिक झाली, इंजिनीअर झाली, लग्न होऊन पुण्याला गेली, दोन लेकरांची आई झाली. 23 सप्टेंबर 2022 ला गाडी आष्टीपर्यंत आली. 17 सप्टेंबर 2025 ला, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी, ती बीडला पोचली. तोवर नात चौथीत गेली होती. मधल्या तीस वर्षांत आबांनी निवेदनं दिली, मोर्चे काढले, उपोषणाला बसले. रेल रोको मात्र त्यांना कधीच करता आला नाही. "रूळच नव्हते, तर रोकावं काय?" मग रस्ता रोको व्हायचा, आणि त्यात हमखास अडकायची ती एसटी, जिच्यातून आबांना संध्याकाळी घरी जायचं असायचं.

डब्यात शिरताच पहिलं भांडण खिडकीवरून झालं. ते थोरली आणि धाकट्यात नव्हतं, थोरली आणि आबांत होतं. आबांनी वय पुढं केलं, थोरलीनं तिकीट. धाकट्याकडे दोन्ही नव्हतं. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही. त्यामुळं तो कुणाच्याही मांडीवर, कुठल्याही खिडकीशी, फुकट्या प्रवाशाच्या पूर्ण आत्मविश्वासानं बसला.

गाडी हलली आणि बाबांनी तक्ता काढला. संगणकावर आखलेला, रंगीत, प्लॅस्टिकच्या फोल्डरात घातलेला. प्रत्येक ठिकाणासमोर मिनिटं लिहिलेली: कंकालेश्वर 30, खजाना विहीर 20, मुकुंदराज 45, हत्तीखाना 25. शेवटच्या रकान्यात "राखीव वेळ". हा राखीव वेळ पुण्याचं घर सोडतानाच खर्ची पडला होता, कारण कुलूप लावून झाल्यावर धाकट्याला आतून काहीतरी आणायचं होतं, आणि काय आणायचंय ते त्याला आत गेल्यावर आठवेना. शेवटी तो समुद्रावर नेतात तसलं एक लाल प्लॅस्टिकचं फावडं घेऊन बाहेर आला. बीडला समुद्र नाही, हे त्याला सांगण्यात आलं. विहीर तर आहे ना, असं त्यानं विचारलं. खजिन्याची विहीर म्हणून तक्त्यात लिहिलेलं आईनंच त्याला वाचून दाखवलं होतं.

नगरचं स्टेशन दिसेनासं व्हायच्या आत धपाट्यांचा डबा उघडला गेला. त्यानंतर नारायणडोह, सोलापूरवाडी, धानोरा, कडा अशी स्टेशनं येत राहिली, आणि दर स्टेशनावर धाकटा विचारत राहिला, "आलं का बीड?" आष्टी तालुका लागल्यावर आबांनी उत्तर बदललं. "आलं की. जिल्हा लागला. स्टेशन तेवढं यायचं राहिलंय." चार वर्षांच्या मुलाला जिल्हा आणि शहर यांतला फरक समजावणं सोपं नसतं. धाकटा चप्पल घालून दाराशी जाऊन उभा राहिला. त्याला चार वेळा परत आणावं लागलं.

थोरलीकडे वही होती. तिनं सगळ्या स्टेशनांची नावं आणि वेळा लिहायला घेतल्या होत्या. शाळेत नुकताच वेगाचा धडा झाला असावा, कारण आष्टी ओलांडल्यावर तिनं जाहीर केलं, "आबा, आपली गाडी तासाला तीसच किलोमीटर जाते." शेजारच्या रस्त्यानं दुधाच्या किटल्या लटकवलेली एक मोटारसायकल चालली होती. ती हळूहळू गाडीच्या पुढं गेली आणि दिसेनाशी झाली. डब्यात थोडा वेळ कुणीच बोललं नाही.

"आम्ही तीस वर्षं थांबलाव," आबा शेवटी म्हणाले, "तुला साडेपाच तास दम निघंना का?"

खरं तर दम कुणालाच निघत नव्हता, आणि तरी डबा मजेत होता. आबांसारखे बरेच जण होते. कुणी नातवाला गाडी दाखवायला निघालं होतं, कुणी स्वतःच बघायला. पन्नास रुपयांच्या आत होणारा हा प्रवास माणसं जत्रेला जावं तशी करत होती. हातोल्याजवळ एका आजींनी पिशवीतून सीताफळं काढली आणि ओळखपाळख नसताना आख्ख्या बाकाला वाटली. बालाघाटच्या मुरमाड उतारांवरचं हे फळ. 2016 साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं. ते मानांकन बियांच्या संख्येवरून मिळालं असावं, असा थोरलीचा समज झाला. बी खिडकीतून किती लांब जाते याची स्पर्धा लागली. धाकट्याला तोंडानं जमेना, म्हणून त्यानं पायानं काहीतरी करायचा प्रयत्न केला, आणि वेताळवाडीच्या आसपास त्याची उजवी चप्पल खिडकीतून बाहेर गेली.

पहिलं अर्धं मिनिट तो थक्क होऊन बघत राहिला. मग भोकाड. आबांनी समजूत काढली, "आरं, वेताळानं नेली. त्याच्या पायाला काटं टोचत असतील." यावर भोकाड थांबलं. धाकट्यानं थोडा विचार केला आणि डावी चप्पल काढली, कारण एका चपलेचं वेताळ तरी काय करणार? आईनं ती दुसऱ्या खिडकीपाशी, वरच्या वर झेलली.

बीड स्टेशनावर मामा जीप घेऊन उभा होता. भाच्याला एका चपलेवर उतरताना बघून त्यानं काहीच विचारलं नाही. "दाजी, उशीर झाला का?" एवढंच म्हणाला. बाबांनी घड्याळ बघितलं. गाडी आपल्या मानानं वेळेवर होती. उशीर झालाय असं वाटत मात्र सगळ्यांना होतं.

तक्त्याप्रमाणं पहिलं ठिकाण कंकालेश्वर. दगडी बांधीव कुंड, कुंडात पाणी आणि पाण्याच्या मधोमध नक्षीदार मध्ययुगीन शिवमंदिर. बाबांनी चालुक्य आणि यादव यांच्या बांधकामातला फरक सांगायला सुरुवात केली. त्यांची दोन वाक्यं पुरी व्हायच्या आत धाकट्यानं कपडे उतरवायला घेतले. देवळाभोवती एवढं पाणी कुणी उगाच का ठेवेल, हा त्याचा प्रश्न ऐकणाऱ्यांना पटण्यासारखा होता. तीस मिनिटांतली पंचवीस मिनिटं त्याला परत कपडे चढवण्यात गेली. गावात नवी चप्पल घेतली. दुकानदार जोडीच देणार म्हणाला. डाव्या चपला आता दोन झाल्या.

खजाना विहीर शहराच्या दक्षिणेला, सोलापूरच्या रस्त्यावर पाचसहा किलोमीटरवर आहे. सोळाव्या शतकात, अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळात, सलाबत खानानं ती बांधवून घेतली. वरून बघितलं तर एक मोठी गोल विहीर. गंमत जमिनीखाली आहे. दोन भुयारांतून विहिरीत पाणी येतं आणि एका भुयारातून ते खालच्या अंगाच्या शेतांकडे जातं. ना मोट, ना पंप. उतार काढून दिलेला, पाणी आपलं आपण चालतं. एवढं सगळं बांधण्यात खजिना रिता झाला म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात.

धाकटा फावडं घेऊन काठाशी पोचला. मामानं त्याला कडेवर घट्ट धरून आत बघायला लावलं.

"खजिना कुठंय?"

"त्यो काय. दिसंना का?"

"ते पाणी आहे."

"मग?" मामा म्हणाला. "2016 च्या उन्हाळ्यात तुझी आज्जी टँकरच्या मागं घागर घेऊन पळायची. तिला इच्यार, खजिना कशाला म्हणत्यात."

धाकट्याला हे मुळीच पटलं नाही. आजीला फसवलं गेलंय आणि खरा खजिना पाण्याच्या खाली आहे, असं त्यानं ठरवलं. त्यानं काठापासून जरा लांब, मुरमात खणायला घेतलं. वीस मिनिटांचं ठिकाण तासभर चाललं. हाती लागलं ते बाटलीचं एक बूच आणि दोन गोगलगायीचे शंख. सोन्याचे नाहीत हे कळल्यावरही त्यानं ते खिशात घातले. बाबांनी तक्त्यावर खजाना विहिरीपुढं बरोबरची खूण केली आणि पुढचं ठिकाण खोडलं.

मांजरसुंब्याचा घाट सुरू झाला आणि सीताफळांनी आपला प्रताप दाखवला. त्याचं वर्णन इथं करत नाही. ज्यांनी घाटात लहान मुलं नेली आहेत त्यांना ते नको आहे, आणि ज्यांनी नेली नाहीत त्यांचा विश्वास बसणार नाही. पुढं एका टपरीवर जीप धुवायला थांबली, तेव्हा पलीकडे एक ट्रॅक्टर उभा होता, मागं दोन ट्रॉल्या. ट्रॉलीत पाण्याचा पिंप, खाट, चूल, कोंबड्यांचं खुराडं, एक शेळी, आणि या सगळ्याच्या वर दहाबारा माणसं. कारखान्यावर निघालेले ऊसतोड मजूर. दसरा झाला की बीड जिल्ह्यातून अशी लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्राकडं आणि कर्नाटकाकडं निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. नवरा-बायकोच्या जोडीला "एक कोयता" म्हणून मोजतात. मुलं या मोजणीत येत नाहीत, पण ट्रॉलीत असतात. त्यांनी मागं गावात राहून शिकावं म्हणून हंगामी वसतिगृहं आहेत, कारखान्यांवर साखरशाळा झाल्या. तरी ज्यांना सांभाळायला घरी आजी नाही ती आईबरोबर निघतात.

धाकट्याच्याच वयाचा एक मुलगा ट्रॉलीतून उतरून आला. त्यानं फावड्याकडं बघितलं. हातात घेतलं, वाकवून पाहिलं.

"ह्यानं ऊस तुटत न्हाई," त्यानं निकाल दिला.

"ते खजिना काढायला आहे," धाकटा म्हणाला.

"निघाला का?"

धाकट्यानं खिशातून शंख काढून दाखवले. पोरानं ते उलटेपालटे केले, एक ठेवून घेतला, एक परत केला. आणि हा व्यवहार कमी पडतोय असं वाटून की काय, शेळीला हात लावू दिला. तोवर थोरली तिथं पोचली होती. तुमच्या शाळेला सुट्टी किती दिवस, असं तिनं ट्रॉलीतल्या एका मुलीला विचारलं. "उन्हाळ्यात येऊत माघारी," ती मुलगी म्हणाली. थोरलीनं बाबांकडं वळून आपल्याला तेरा दिवसच का, असा जाब विचारला. बाबांनी उत्तर दिलं, पण बराच वेळ घेऊन. आणि ऐकता ऐकता थोरली गप्प झाली. ट्रॅक्टर सुरू झाला तेव्हा लाल फावडं ट्रॉलीत होतं. ते दिलं की नेलं, याबद्दल धाकट्यानं आजवर तोंड उघडलेलं नाही.

गावी पोचेपर्यंत दिवेलागण झाली. आजी दारात भाकरतुकडा घेऊन उभी. "लेकरं वाळली गं माझी," हे तिचं पहिलं वाक्य. दोन्ही लेकरं त्या वेळी व्यवस्थित गुबगुबीत होती. मग ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, ठेचा, आणि जावईबापूंच्या ताटात न विचारता वाढलेलं तूप. जेवता जेवता मामानं विषय काढला.

"दाजी, दिवाळीला आलाव ते ठीक. धुळवडीला या की. इड्याला जाऊन येऊ."

विडा हे केज तालुक्यातलंच गाव. तिथं धुळवडीला गावच्या एका जावयाला गाढवावर बसवून मिरवतात. ही प्रथा ऐंशी-नव्वद वर्षांची आहे. गळ्यात चपलांची माळ, पुढं वाजंत्री, अंगावर रंग, मागं सगळं गाव. मिरवणूक मारुतीच्या देवळापाशी संपली की जावयाला नवे कपडे आणि सोन्याची अंगठी देतात. सण जवळ आला की विड्याचे जावई गायब व्हायला लागतात. कुणाला अचानक परगावी काम निघतं, कुणी फोन बंद करतं. मग गावातली तरुण मंडळी त्यांच्या मागावर राहतात. एकदा हाती लागला की मिरवणुकीपर्यंत त्याच्यावर पहारा.

बाबांनी शांतपणे सांगितलं की ते विड्याचे जावई नाहीत. कायद्यानं हा मुद्दा बिनतोड होता. पण तोवर दोन्ही मुलं जेवायची थांबली होती.

"बाबा, तू बस ना गाढवावर!"

"अंगठी मिळते, बाबा!"

"गाढव आपल्याला ठेवून घेता येतं का?" हा धाकटा.

"तालुका एकच हाय," मामा म्हणाला. "आपुन शब्द टाकला तर काय नाही म्हणणारेत का ती लोकं?" आईनं भावाला डोळ्यांनी दटावलं, पण ती हसत होती, आणि हे बाबांच्या नजरेतून सुटलं नाही. त्यांनी भाकरी संपवली आणि झोप आल्याचं सांगितलं. त्या रात्री मुलांच्या खोलीतून बराच वेळ खुसखुस ऐकू येत होती.

सकाळी कारण समजलं. आजीनं पाहुण्यांसाठी काढलेल्या पांढऱ्याशुभ्र चादरीवर, उशीपासून पायथ्यापर्यंत, स्केचपेननं आख्खी रेल्वे उमटली होती. अहिल्यानगरपासून बीडपर्यंत सगळी स्टेशनं, वहीत होती तशी क्रमानं. वेताळवाडीला एक चप्पल. बीडच्या पुढं एक गाढव. थोरलीला बोलणी बसली आणि स्केचपेन जप्त झाली. आबांनी चादर उजेडात धरून नीट बघितली. "रायमोहा लिव्हलंय बघ बराबर," ते म्हणाले आणि घडी घालून स्वतःच्या ट्रंकेत ठेवली.

अंबाजोगाईला जायला सगळेच निघाले, आजीसकट. हा बाबांचा हक्काचा टापू. त्यांचं घराणं मूळचं कोकणातलं, आणि कोकणस्थांच्या कितीतरी घरांची कुलस्वामिनी ही अंबाजोगाईची योगेश्वरी. समुद्रकाठची माणसं आणि त्यांची देवी बालाघाटाच्या डोंगरात. बायकोचं माहेर याच जिल्ह्यात निघालं तेव्हा बाबांच्या आईला हा देवीचाच कौल वाटला होता. आबांना तो रेल्वेचा वाटला होता; पुण्याचा जावई म्हणजे मंत्रालय जवळ, असा त्यांचा त्या काळी हिशेब होता.

दर्शन झालं, आणि मुलांना आजीनं देवीची गोष्ट सांगितली. योगेश्वरीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं होतं. वऱ्हाड निघालं, अंबाजोगाईपर्यंत आलं. परळी इथून जेमतेम पंचवीस किलोमीटर. पण मुहूर्त टळला. वऱ्हाडाचा दगड झाला आणि देवी कुमारिका म्हणून इथंच राहिली.

"पण उशीर का झाला?" थोरलीनं विचारलं.

आजीला ते ठाऊक नव्हतं. गोष्टीत ते नाही. तेवढ्यात आई धाकट्याला तिसऱ्यांदा मोकळं करून घामाघूम होऊन परत आली. तिनं प्रश्न ऐकला होता. "वऱ्हाडात लहान मुलं असणार," ती म्हणाली.

हे स्पष्टीकरण सगळ्यांना एकदम मान्य झालं. हत्तीखाना म्हणजे शिवलेणी बघताना तर त्याला पुरावेच मिळत गेले. डोंगरात खोदलेल्या त्या लेण्यात मोठमोठे दगडी हत्ती उभे आहेत. वऱ्हाडाचे हत्ती ते हेच, असं लोक मानतात. धाकटा एका हत्तीला मिठी मारून बसला आणि उठेना. हा हत्ती दगडाचा का झाला, हे त्याला आता बरोबर कळलं होतं: कुणीतरी असंच त्याला धरून ठेवलं असणार. पंचवीस मिनिटांच्या ठिकाणी सव्वा तास झाला. बाबांनी तक्ता फोल्डरातून काढून खिशात कोंबला.

मुकुंदराजांच्या समाधीला गेले ते घाईत. "विवेकसिंधु"चा काळ 1188, "ज्ञानेश्वरी"च्या शंभर वर्षं आधीचा, एवढं बाबांनी पायऱ्या उतरता उतरता सांगितलं. पायऱ्या चढताना ते काही बोलण्याच्या परिस्थितीत नव्हते. धाकटा खांद्यावर होता.

दासोपंतांपाशी मात्र सगळं थांबलं. 1551 ते 1615 हा त्यांचा काळ. गीतेवर सव्वा लाख ओव्यांचा "गीतार्णव" लिहूनही त्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद कापड घेतलं आणि त्यावर "पंचीकरण" लिहून काढलं, नकाशे-आकृत्यांसकट. तीच पासोडी. चारशे वर्षं झाली, अंबाजोगाईनं ती जपून ठेवली आहे.

थोरलीनं ही माहिती फार लक्ष देऊन ऐकली. लांबी पुन्हा विचारून घेतली.

"चाळीस फूट?"

"हो."

"कापडावर?"

"हो."

"आणि त्यांना कुणी बोललं नाही?"

आईनं पर्स उघडली आणि स्केचपेनची पेटी मुकाट्यानं परत केली. दासोपंतांच्या वंशजांची इथं दोन देवघरं आहेत, एक थोरलं देवघर आणि एक धाकटं देवघर, हे मामाला आत्ताच सांगायची काही गरज नव्हती. पण त्यानं सांगितलं. मग धाकटं देवघर आपलं आहे आणि आपण आता तिथंच राहणार, हे धाकट्यानं रस्त्यात बसून जाहीर केलं. तिथून त्याला उठवायला गुडदाणी लागली.

परळी दुसऱ्या दिवसावर गेली. पंचवीस किलोमीटरला तक्त्यात चाळीस मिनिटं होती. अभिषेकाला सकाळी आठला पोचायचं, म्हणून सातला निघायचं ठरलं. सातला थोरलीची वही सापडेना. साडेसातला वही सापडली, आबा सापडेनात. ते जीपला जागा पुरणार नाही म्हणून पुढं एसटी स्टँडवर जाऊन बसले होते. सव्वाआठला सगळे जीपमध्ये आणि धाकटा बाहेर, झाडापाशी. वाटेत सीताफळांची पाटी दिसली. आईनं फक्त हात वर केला आणि मामानं जीप जोरात पुढं काढली.

परळी जवळ आल्याचं आधी वीजकेंद्रानं कळवलं. 1971 मध्ये सुरू झालेलं हे केंद्र. जुने संच बंद पडत गेले, आता नव्या संचांची क्षमता 750 मेगावॉट. पांढरा धूर वर चढत होता.

"ढग इथं करतात?" धाकट्यानं विचारलं.

"करत्यात की," मामा म्हणाला. "पण ढग करायला बी आधी पाणी लागतंय. 2015 ला पाण्यापायी समदा कारखानाच बंद पडला हुता."

थोरलीनं हे वहीत लिहून घेतलं. ढगांच्या कारखान्याला पाणी लागतं, पाण्याला ढग लागतात. यात आधी काय, असा प्रश्न तिनं समासात काढला. त्याचं उत्तर मराठवाड्यात अजून कुणी दिलेलं नाही.

वैजनाथाच्या पायऱ्यांशी पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. अभिषेकाची वेळ गेली, असं तिथल्या एका फुलवाल्यानं सांगितलं. "म्हंजी मुहूर्त टळला," आजी म्हणाली आणि तिलाच हसू फुटलं. आबांनी हळूच आपले हातपाय हलवून बघितले. कुणाचाही दगड झालेला नव्हता.

अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेल्या या देवळात गाभाऱ्यात जाऊन पिंडीला हात लावता येतो, बाई असो, पुरुष असो, पोर असो. रांग संथ होती. थोरलीची पाळी आली तेव्हा तिनं हात लावला, मग खाली वाकली, पिंडीजवळ तोंड नेऊन बराच वेळ कुजबुजली. मागच्या बाई म्हणाल्या, "चल गं बाळा, पुढं हो." ती बोट वर करून "एक मिनिट" म्हणाली आणि पुन्हा वाकली.

बाहेर आल्यावर बाबांनी विचारलं, "काय मागितलंस एवढं?"

"मागितलं नाही. निरोप दिला. म्हटलं, ती निघाली होती. पंचवीसच किलोमीटर राहिलं होतं. पण बरोबर लहान मुलं होती."

आजीनं पदर डोळ्यांना लावला, हसून की कशानं ते कळलं नाही. आबा चपला शोधायला लागले. धाकट्याच्या चपला मात्र सापडायला वेळ लागला, कारण त्यानं सकाळी दोन्ही पायांत डाव्याच घातल्या होत्या आणि चपला राखणारा त्या एकाच माणसाच्या आहेत असं मानायला तयार नव्हता. तोवर बाबा पायरीवर बसले. खिशात चुरगळलेला तक्ता हाताला लागला. त्यांनी तो सरळ केला. ठिकाणांच्या रांगेखाली, रिकाम्या "राखीव वेळ" रकान्यात, हिरव्या स्केचपेननं थोरलीच्या अक्षरात एक नवी ओळ होती: धुळवड, विडा, 3 तास.

पाठीमागच्या कोऱ्या बाजूला धाकट्यानं चित्र काढलं होतं. चार पायांचं एक जनावर, त्यावर बसलेलं दोन पायांचं एक, आणि दोघांच्याही गळ्यात चपला.

"यात मी कुठला?" बाबांनी विचारलं.

"चष्मा आहे तो तू," धाकटा म्हणाला.

बाबांनी कागद डोळ्यांजवळ नेला. चष्मा दोघांनाही होता.